महिन्याला एक लिटर

तुळशीची लग्नं लागली की नाशकात दोन जातीच्या जाहिराती उगवतात, पैठणीच्या आणि वजन उतरवण्याच्या. पैठणी निदान दुकानात जाऊन हातात घेऊन बघता येते. वजनाच्या बाबतीत तीही सोय नाही. रिक्षाच्या पाठीवर, विजेच्या खांबावर, सकाळच्या पेपरातून घरंगळणाऱ्या गुलाबी कागदावर एकच ओळ असते, '३० दिवसांत १० किलो', आणि खाली मोबाइल नंबर. बायका तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवतात. मी बघितलंय. कुणाच्या भाचीचं लग्न असतं, कुणाच्या स्वतःच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार असतात, ब्लाउज शिवायला टाकायचा असतो.

त्या ओळीचं गणित एकदा मांडून बघू. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या ७७,०००. तीस दिवसांत त्या घालवायच्या तर रोज अडीच हजारांहून जास्त तूट हवी. आता माझंच उदाहरण घेते. वय ४८, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ७४ किलो. आहारतज्ज्ञ वापरतात त्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्रात (हे १९९० चं आहे) हे आकडे घातले, तर दिवसभर नुसतं पडून राहायला माझ्या शरीराला सुमारे १,३१५ कॅलरी लागतात. त्यात स्वयंपाक, ऑफिस, जिने, भाजीबाजार धरला की दिवसाचा सगळा खर्च होतो १,८५० च्या आसपास. म्हणजे महिनाभर मी अन्नाचा कण न खाता नुसत्या पाण्यावर राहिले, तरी रिक्षामागचं वचन पुरं व्हायला रोज सातशे कॅलरी कमीच पडतात. निर्जळा एकादशीसुद्धा तिथे अपुरी.

मग लोकांचा काटा खाली येतो तो कसा? येतो ना, पहिल्याच आठवड्यात दोन-दोन किलो येतो, आणि माणूस पेढे वाटायच्या बेतात असतो. त्यातलं बरंचसं पाणी असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा ग्लायकोजेन नावाचा साठा असतो, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी अडकून राहिलेलं असतं. पोळी-भात एकदम तोडला की साठा संपतो, पाणीही जातं. लग्नघरी दोन दिवस जेवलात की दोन्ही परत जागेवर. काटा बिचारा फक्त वजन सांगतो, कशाचं ते सांगत नाही.

माझ्या ओळखीत वजनाचं उद्दिष्ट बहुतेक दोनच ठिकाणांहून येतं. एक म्हणजे तारीख. दुसरं म्हणजे लग्नाचा अल्बम. 'लग्नात मी ४८ किलोची होते' हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की महाराष्ट्रातल्या सगळ्या नवऱ्या मुली तेव्हा एकाच साच्यातून काढल्या होत्या की काय अशी शंका यावी. वयाच्या तेविसाव्या वर्षी, हॉस्टेलच्या मेसचं खाऊन आणि परीक्षेच्या काळजीत जे वजन होतं, ते दोन बाळंतपणं आणि पंचवीस वर्षं बसून केलेल्या नोकरीनंतर 'मूळ वजन' कसं काय ठरतं? पण ठरतं. आणि एकदा ते ठरलं की ६९ किलोला आलेली बाई स्वतःला नापास समजते.

हे ६९ मी उगाच लिहिलेलं नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. त्यात लोकांना दिलेलं उद्दिष्ट होतं वजनाच्या फक्त ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. तेवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. माझ्या ७४ चे ७ टक्के म्हणजे पाच किलो. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने असाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या लोकांचं वजन तर जेमतेम हललं, तरीही आहार-व्यायाम सुधारणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. ६९ हा आकडा कुणाच्या स्वप्नात येत नाही, त्यावर कुणी आधी-नंतरचे फोटो टाकत नाही. डॉक्टरांना मात्र तो चालतो. नुसता चालत नाही, आवडतो.

आता त्या ७,७०० कडे परत जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. १९५८ साली मॅक्स विशनॉफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी हिशोब मांडला की एक पौंड वजन म्हणजे ३,५०० कॅलरी. आपले ७,७०० म्हणजे त्याचंच किलोतलं रूप. चरबीपुरता हा आकडा ठीक आहे. घोटाळा होतो तो पुढे, त्याचा त्रैराशिकासारखा वापर केला की. मोबाइलमधलं ॲप सांगतं, रोज ५०० कॅलरी कमी खा, आठवड्याला अर्धा किलो उतरेल. ठीक. म्हणजे वर्षाला २६ किलो. या हिशोबाने तीन वर्षांच्या आत मी साफ नाहीशी व्हायला हवी, चपला तेवढ्या दाराशी राहतील.

तसं होत नाही, कारण वजन उतरत जातं तसा शरीराचा खर्चही उतरतो. लहान शरीर चालवायला कमी लागतं; शिवाय उपासमारीची चाहूल लागली की शरीर त्याहूनही थोडा जास्त हात आखडतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केविन हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचं सुधारलेलं गणित मांडलं. त्यातून निघालेला ठोकताळा मला पाठ झालाय: रोजच्या खाण्यातून कायमच्या साधारण २४ कॅलरी कमी केल्या, तर वजन शेवटी एक किलोने कमी होतं. यातला निम्मा फरक पहिल्या वर्षात दिसतो आणि जवळजवळ सगळा दिसायला तीन वर्षं जातात.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे निराशाजनक वाटलं होतं. तीन वर्षं! तेवढ्यात मुलगा पदवीधर होतो. पण उलट बाजूने बघा. ५०० नकोत, १,००० तर नकोतच. रोज २०० कॅलरी कमी केल्या, आणि त्या परत आल्या नाहीत, तर आठेक किलोंचा फरक. पहिल्या वर्षी चार. २०० म्हणजे किती? दोन पोळ्या तेल लावून. या गणितात अवघड शब्द आहे तो 'परत आल्या नाहीत' हाच. तिथे तारीख कामाला येत नाही, कारण लग्न होऊन जातं, पाहुणे जातात, आणि २०० कॅलरी तशाच कमी ठेवायच्या असतात.

म्हणून उद्दिष्ट ठरवताना मी काटा बाजूला ठेवून स्वयंपाकघर उघडते. तिथे पहिली भेट होते ती तेलाशी.

आमच्या सासूबाई जळगावकडच्या. त्यांच्या हातची शेवभाजी, वांग्याचं भरीत याबद्दल मी काही बोलणार नाही, बोलले तर हा लेख बाजूला राहील. भाजीवर लाल तवंग आला नाही तर ती त्यांच्या लेखी भाजीच नव्हे, आजाऱ्याचं पथ्य. त्यांची फोडणीची एक लोखंडी पळी आहे. एका दुपारी मी ती पळी ओट्यावर ठेवली आणि औषधाच्या बाटलीवर येतं ते पाच मिलीचं टोपण घेऊन त्यात पाणी ओतत गेले. आठ टोपणं मावली. सासूबाई दारातून बघत होत्या.

"माझ्या पळीला मापं लावतेस होय गं?"

"नाही आई, अंदाज घेतेय नुसता."

"घे घे. तुझ्या सासऱ्यांनी पंच्याऐंशीपर्यंत याच पळीचं खाल्लं. डॉक्टर बघायची वेळ आली नाही."

बरोबर आहे. सासरे शेतकी खात्यात होते, सायकलवर गावंच्या गावं पालथी घालायचे. घरी आले की विहिरीचं पाणी ओढायचे. पळी तीच राहिली, सायकल तेवढी गेली. पण हे मी त्यांना म्हटलं नाही. सासूबाईंशी ऊर्जेच्या समतोलावर वाद घालण्यात कुणाच्याच कॅलरी कमी होत नाहीत.

आठ टोपणं म्हणजे ४० मिली, ग्रॅममध्ये छत्तीसेक, आणि चरबीच्या ग्रॅमला ९ कॅलरी. एका फोडणीच्या सव्वातीनशे. चार माणसांत वाटल्या म्हणा, पण दिवसात भाजी असते, आमटी असते, चटणीवर कच्चं तेल असतं, पोळीला लावायचं वेगळं. एकेक पळी मोजत बसणं कुणालाच जमणार नाही. त्यापेक्षा महिन्याचा किराणा बघावा. आमच्याकडे चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा एक कॅन लागायचा. पाच लिटर तेल वजनाला साडेचार किलो भरतं, त्याच्या कॅलरी झाल्या ४१ हजार. चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या, ३८ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. आमच्या ३८ मध्ये वरणभातावरचं तूप आलेलं नाही, दाण्याचं कूट तर नाहीच नाही.

पाचाऐवजी चार लिटर वापरलं तर? माणशी रोज ६८ कॅलरी कमी. हॉलसाहेबांच्या ठोकताळ्याने शेवटी पावणेतीन किलो, आणि तेही घरातल्या प्रत्येकाचे. कुणी उपाशी राहिलं नाही, कुणाला वेगळं ताट वाढलं नाही, कुणाला 'मी डाएटवर आहे' असं सांगावं लागलं नाही. शेवभाजी आठवड्याला एकदा होते, तवंगासकट होते. बाकीचे दिवस पळी निम्मी भरते, आणि मोहरी नीट तडतडली की चवीत फारसा फरक पडत नाही हे सासूबाईंनीही, न बोलता, मान्य केलंय. निदान त्या दुसऱ्यांदा तेल घालायला उठत नाहीत.

तेलानंतर येतं उरलंसुरलं. हा विषय कुठल्याही ॲपमध्ये नाही, कारण ॲप बनवणाऱ्यांनी बहुधा रात्री साडेदहाला ओटा आवरलेला नाही. वाटीभर भात, तळाशी राहिलेली भाजी, मुलाने टाकलेली अर्धी पोळी. फ्रिजमध्ये ठेवावं एवढं नाही, टाकायला हात होत नाही. अन्न टाकू नये हे लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, आणि मग ते उभ्या-उभ्या तोंडात जातं. त्याला आपण जेवण म्हणत नाही, म्हणून ते मोजलंही जात नाही. पण अर्धी पोळी आणि दोन घास भात मिळून सहज ८०-१०० होतात. यावर माझा उपाय अगदी रुक्ष आहे: भात मोजून लावायचा, पोळ्या विचारून करायच्या. "तू किती घेणार?" हे सकाळीच विचारलं की मुलगा वैतागतो. वैतागू दे.

आणि चहा. दिवसाला तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर. दोनाचा एक केला की आणखी पन्नासएक कॅलरी गेल्या. जीभ पंधरवडाभर कुरकुर करते आणि मग विसरते. आता कुणाकडे दोन चमच्यांचा चहा मिळाला तर मलाच तो पाकासारखा लागतो. तेल, उरलंसुरलं आणि साखर मिळून आमच्या घरातले माझे २०० इथे पुरे झाले. भात सोडला नाही, रात्रीचं जेवण सोडलं नाही. डाळ-उसळ तर थोडी वाढवलीच, कारण या वयात वजनाबरोबर स्नायूही झिजतात, आणि गुडघ्यांना त्यांची गरज आहे.

मोजण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. ॲपमध्ये लिहिलेलं असतं, 'वरण, एक वाटी'. कुठली वाटी? आमच्या मांडणीत लग्नात आलेल्या वाट्यांचे चार सेट आहेत. नैवेद्याची वाटी आणि आमरसाची वाटी यांत तिपटीचा फरक पडेल. त्यात वरण कुणाचं? एकाकडे वरणाचं पाणी वाहतं, एकाकडे चमचा उभा राहतो. पाकिटावर छापलेले आकडे प्रयोगशाळेतून येतात. पिष्ट आणि प्रथिनं ग्रॅमला ४, स्निग्ध ९, हे कोष्टक विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत बसवलं. ते चांगलंच आहे. पण आपल्या घरच्या जेवणावर ते लावताना शंभर-दोनशेची चूक इकडेतिकडे सहज होते. म्हणून '१,३४० कॅलरी' असं एक-एक मोजून जगणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं आणि थोडी काळजीही. एखादा आठवडा सगळं लिहून काढावं, डोळे उघडतात. आयुष्यभर लिहीत बसू नये. कमी केलेल्या वस्तू लक्षात ठेवणं सोपं असतं.

आणि ती बाराशेची चिठ्ठी! 'बाराशे कॅलरी डाएट' हा कागद व्हॉट्सॲपवर फिरत फिरत कुणाच्याही मोबाइलमध्ये येऊन पडतो, मग ती बाई पाच फूट असो की पावणेसहा, घरी बसणारी असो की दिवसभर उभी राहणारी नर्स. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता, युद्धानंतर भुकेल्या युरोपला कसं सावरायचं हे समजावं म्हणून. सहा महिने त्यांना रोज सरासरी १,५७० च्या आसपास कॅलरी दिल्या. ते तरुण पुरुष होते, भरपूर चालायला लावलेले होते, तेव्हा त्यांची आणि माझी बरोबरी नाही. तरीही त्यांच्याविषयी जे नोंदलंय ते वाचण्यासारखं आहे: सतत थंडी वाजणं, चिडचिड, कशातच मन न लागणं, आणि दिवसरात्र अन्नाचा विचार, काहीजण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. कडक डाएटच्या तिसऱ्या आठवड्यात यूट्यूबवर रात्री एकला केकचे व्हिडिओ बघणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हे सांगितलं, तेव्हा तिला रडूच आलं. ती स्वतःला हावरट समजत होती.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर खाणं एकदम तोडणं धोक्याचंही आहे, साखर घसरते. तिथे आधी डॉक्टर, मग बाकीचं.

आपल्याकडे २०१८ च्या सुमाराला घराघरांत दीक्षित की दिवेकर असे दोन पक्ष पडले होते, आठवतं? डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं म्हणणं, दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकरांचं म्हणणं, घरचं, स्थानिक, हंगामातलं खा, थोडं-थोडं आणि वेळच्या वेळी. आमच्या सोसायटीत त्यावरून दोन जावांमध्ये अबोला झाला होता. मी दोन्ही पद्धतींनी वजन उतरलेलं बघितलंय आणि दोन्ही पद्धतींनी उतरलेलं परत आलेलंही बघितलंय. पद्धत कुठली यापेक्षा तिसऱ्या दिवाळीला ती चालू आहे का, एवढंच मी विचारते. आता तेच इंजेक्शनांबद्दल. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि भिशीत चकलीच्या रेसिपीऐवजी त्यांची चर्चा सुरू झाली. ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यासाठी ती मोठी सोय आहे. पण बंद केली की भूक परत येते आणि बरंचसं वजनही, म्हणजे प्रश्न पुन्हा तोच: हे किती वर्षं?

दिवाळीवरून आठवलं. वास्तवातलं उद्दिष्ट ठरवायचं तर समोर कालनिर्णय हवं. श्रावणात उपवास. उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी. साठ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप, एक बटाटा यांत साडेचारशे कॅलरी आरामात बसतात. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्या पूर्वजांना कोष्टकाशिवाय कळलं होतं. मग गणपती, उकडीचे मोदक, रोज कुणाकडे तरी आरती आणि प्रसाद. पितृपंधरवड्यात खीर-वडे. नवरात्र, कोजागरीचं दूध, फराळ. लग्नसराई. संक्रांत, होळीची पुरणपोळी, आणि मे महिन्यात आमरस. या वर्षात 'सलग बारा आठवडे' कुठे शोधायचे? अमेरिकेत २००० साली एक अभ्यास आला होता. थँक्सगिव्हिंग (त्यांचा नोव्हेंबरातला सण) ते नवं वर्ष या दिवसांत लोकांचं वजन सरासरी ०.३७ किलो वाढलं. एवढंसंच. पण ते पुढच्या वर्षभरात उतरलं नाही, साचत गेलं. त्यांचे सण सहा आठवड्यांत आटोपतात, आपले नागपंचमीला सुरू होतात.

म्हणून मी वर्षाचे दोन भाग करते. श्रावण ते दिवाळी उतरवायची भाषा काढायची नाही. वाढलं नाही तर पास. 'अजून एक मोदक घ्याच, माझी शपथ' म्हणणाऱ्या मावशींपुढे कॅलरीचा तक्ता काढणं हा अपमान आहे, आणि मोदक सोडणं मूर्खपणा. दोन खावेत, बसून, तूप घालून, आणि त्या रात्री जेवण हलकं. उतरवायचं ते जानेवारी-फेब्रुवारीत आणि आषाढाच्या आगेमागे, जेव्हा कुणी आग्रह करायला येत नाही.

चालण्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. चालावंच, साखर, रक्तदाब, झोप, मूड सगळ्याला उपयोग होतो. पण वजनाच्या हिशोबात चालणं फार गरीब आहे. रविवारी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढून उतरणारी मंडळी बघा. घामाघूम, समाधानी, आणि तिथून सरळ मिसळीच्या दुकानात. नाशकात हे टाळणं अवघड, मान्य. माझ्या वजनाच्या माणसाचे पाच किलोमीटर चालून अडीचशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. मिसळीबरोबरचे नुसते दोन पाव तेवढं जवळजवळ फेडून टाकतात. रस्सा, फरसाण, पापड आणि वर जिलबी ही सगळी नव्याने काढलेली उधारी. मिसळ खाऊ नये असं मी म्हणणार नाही, मला या शहरात राहायचंय. पण 'आज चाललोय ना' हे तिचं कारण म्हणून देऊ नये.

आणि काटा शेवटी किती सांगतो, हाही प्रश्न आहेच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडावं याचं मला फार अप्रूप वाटतं. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी कशी लपते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन धरतात, आणि कंबर बायकांची ८० सेंटिमीटर, पुरुषांची ९० ही मर्यादा सांगतात. शिंप्याची टेप घरात असतेच. महिन्यातून एकदा ती कमरेला लावली की काट्यावर रोज चढायची गरज उरत नाही. रोजचा काटा पापड-लोणच्यातल्या मिठानेही किलोभर हलतो, पाळीच्या आधी तर हमखास. त्यावर दिवसाचा मूड ठरवणं म्हणजे छळ.

आमच्या घरात माझ्याइतकीच ती टेप नवऱ्याला लागू आहे, पण तो विषय त्याच्यासमोर काढायचा नसतो. तो म्हणतो, पुरुषाला थोडं पोट हवंच, खाल्ल्या घरचा दिसतो.

या महिन्याची यादी घेऊन वाण्याकडे गेले. चार लिटर लिहिलं होतं.

"चार कशाला वहिनी? पाचच्या कॅनवर ऑफर आहे. सुट्ट्या पिशव्या महागात पडतील तुम्हाला."

खरंच महागात पडत होत्या. कॅन घेतला. घरी आल्यावर मुलाच्या कपाटातला मार्कर काढून कॅनच्या पोटावर आजची तारीख टाकली, आणि तिच्याखाली पाच आठवडे आणि तीन दिवसांनंतरची दुसरी. त्याआधी दुसरा कॅन फोडायचा नाही, असा सासूबाईंबरोबर करार झाला. संध्याकाळी नवरा भजी तळायच्या आशेने स्वयंपाकघरात डोकावला, त्याने कॅन उचलून बघितला.

"अगं, हे महिन्याभरातच एक्सपायर होतंय. परत करून ये."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या, "ती तारीख तुझ्यासाठी आहे."